यिडिश ही मोडकी जर्मन नाही आणि मेलेलीही नाही : जर्मन येणाऱ्याने सुरुवात कुठून करावी

प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात जर्मनचा बी १ (मध्यम) पातळीपर्यंतचा अभ्यास झाला आहे. यिडिश म्हणजे हिब्रू लिपीत लिहिलेली जर्मनच आणि तीही आता संपलेली, असं वाचनात आलं. मग ती शिकण्यात अर्थ आहे का? असेल तर सुरुवात कुठून करावी?

दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. यिडिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. जर्मनमुळे निम्म्याहून जास्त शब्द तुमच्या ओळखीचे निघतील, पण सगळ्यात हट्टी चुकाही त्याच ओळखीमुळे होतील. आणि भाषा जिवंत आहे. फक्त वर्गात शिकवली जाणारी यिडिश आणि आज लहान मुलं घरात बोलतात ती यिडिश यांत बरंच अंतर पडलं आहे. आपल्याला यातली कोणती हवी हे आधी ठरवलं नाही, तर वर्षभराने पंचाईत होते.

जर्मनचा मुद्दा एका वाक्यावरून बघू : 'शाबेस, नोखन चोल्न्त, लेयेन्त दी बोबे अ बिखल.' म्हणजे, शब्बाथच्या दिवशी (शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी) चोल्न्त खाऊन झाल्यावर आजी एक छोटंसं पुस्तक वाचते. यातला 'शाबेस' हिब्रू. 'नोखन', 'दी', 'अ' जर्मन घराण्यातले. 'चोल्न्त' म्हणजे मांस, बार्ली, बटाटे आणि घेवड्याचे दाणे एकत्र करून शुक्रवारी सूर्यास्ताआधी मंद आचेवर ठेवलेला, रात्रभर शिजणारा पदार्थ, कारण शब्बाथला विस्तव पेटवायचा नसतो. हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'गरम' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. 'लेयेनेन', म्हणजे वाचणे, लॅटिनपासून निघालेल्या बोलींमधून आला. 'बोबे' स्लाव्ह. 'बिखल' म्हणजे 'बुख'ला लघुत्वाचा 'ल' लागलेला. आठ शब्दांत चार घराणी आली, पण बोलणाऱ्याला त्यातलं एकही परकं वाटत नाही. 'खिशातली चावी टेबलावर ठेव' यात अरबी-फारसी, पोर्तुगीज आणि इंग्रजी शब्द आहेत, म्हणून आपण त्याला मोडकी कुठली भाषा म्हणत नाही. तसंच हे.

फ्रेंच-लॅटिन थर आला तो पहिल्या वस्तीमुळे. मध्ययुगात फ्रान्स-इटलीकडून आलेले ज्यू ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स, श्पायर, माइन्त्स या गावांत राहिले आणि तिथली जर्मन बोली त्यांनी आपलीशी केली. (मुख्य उगम ऱ्हाईनकाठचा की पूर्वेकडे डॅन्यूबकाठचा, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. बव्हेरियन बोलींशी असलेलं साम्य पाहता दुसऱ्या बाजूलाही वजन आहे.) तारीख असलेलं सगळ्यात जुनं यिडिश वाक्य वर्म्सच्या मखझोरमध्ये, म्हणजे सणांच्या प्रार्थनांच्या हस्तलिखितात, आहे. साल १२७२. वल्हांडणातल्या, दव मागणाऱ्या प्रार्थनेचा एक हिब्रू शब्द तिथे मोठ्या अक्षरांत काढला आहे आणि त्या अक्षरांच्या पोटातल्या रिकाम्या जागेत लेखनिकाने बारीक अक्षरांत एक यमक जुळवलेला आशीर्वाद भरला आहे : हा मखझोर जो सभास्थानात उचलून नेईल त्याचा दिवस चांगला जावो. पुस्तक एवढं अवजड की ते नेणाऱ्याला आशीर्वाद देणं रास्तच होतं. त्या ओळीत 'चांगला', 'दिवस', 'नेईल' हे शब्द जर्मन घाटाचे आहेत, आणि 'मखझोर' व 'सभास्थान' हे हिब्रू. हिब्रू शब्द हिब्रूच्या रीतीने, बाकीचे उच्चाराप्रमाणे. साडेसातशे वर्षांपूर्वीची ही वाटणी आजच्या यिडिश लेखनात तशीच आहे, म्हणून लिपी शिकताना इतिहास आपोआप शिकला जातो.

पुढे छळ आणि हकालपट्ट्यांमुळे, तसंच पोलंड-लिथुआनियात मिळालेल्या सवलतींमुळे, वस्ती पूर्वेला सरकली आणि स्लाव्ह थर चढला. तो फक्त 'बोबे', 'झेयदे' (आजोबा) अशा शब्दांपुरता नाही, व्याकरणातही मुरला आहे. जर्मनमध्ये 'मी अंग धुतो, तू धुतोस' म्हणताना मिश, दिश, झिश असं बदलत जावं लागतं. यिडिशमध्ये सगळ्या पुरुषांना एकच 'झिख' : इख वाश झिख, दू वाशस्त झिख. रशियन-पोलिशमध्ये असंच चालतं, आणि 'स्वतः' सगळ्यांना लावणाऱ्या मराठी माणसालाही ते सोपं जातं. 'गिब अ कुक' हे शब्दशः 'एक बघणं दे', पण अर्थ 'बघ जरा'. त्यातला तो क्षणिकपणाचा रंग जर्मनमध्ये असा नेमाने येत नाही. आणि घराणी एकमेकांत किती मिसळली आहेत ते पाहायचं तर 'पोयेर' घ्या. शब्द जर्मन, अर्थ शेतकरी, आणि अनेकवचन 'पोयेरिम', हिब्रू प्रत्यय लावून.

हिब्रू थर फक्त धर्मापुरता आहे असं समजू नका. 'एफशेर' (कदाचित), 'अफीले' (सुद्धा), 'किमात' (जवळजवळ), 'मिस्तोमे' (बहुधा) हे दर दोन मिनिटांनी तोंडी येणारे शब्द हिब्रू किंवा तिची जुनी बहीणभाषा आरामाईक यांतले आहेत, जसे आपल्याकडे 'फक्त', 'जरा', 'जरूर' फारसी-अरबीतून आले. क्रियापदांचीही रीत ओळखीची. हिब्रू शब्दाला 'झायन' (असणे) किंवा 'होबन' (जवळ असणे) जोडायचं : 'मास्किम झायन' म्हणजे कबूल असणे, 'खासेने होबन' म्हणजे लग्न करणे. 'कबूल होणे', 'हजर असणे' या आपल्या घडणीशी हे तंतोतंत जुळतं.

आता लिपी. उजवीकडून डावीकडे, मूळ बावीस अक्षरं, त्यातल्या पाचांची शब्दाच्या शेवटी वेगळी रूपं. हिब्रूत स्वर सहसा लिहीत नाहीत. यिडिशने त्याच अक्षरांतून स्वर घडवले : अलेफखाली आडवी रेघ असेल तर 'आ', अलेफखाली छोट्या खुंटीसारखी खूण असेल तर 'ऑ', आयिन म्हणजे 'ए', वोव म्हणजे 'उ', यूद म्हणजे 'इ'. दोन यूद 'एय', त्यांच्याखाली रेघ आली की 'आय', वोव-यूद 'ओय', आणि दोन वोव म्हणजे 'व' हे व्यंजन. एवढं आलं की जर्मन-स्लाव्ह घराण्याचा कुठलाही शब्द दिसेल तसा वाचता येतो.

हिब्रू घराण्याच्या शब्दांत मात्र स्वर लिहीत नाहीत. 'शाबेस' तीनच अक्षरांत : शिन, बेस, सोव. यासाठी आपल्याकडची उपमा चपखल आहे. मराठीत तत्सम शब्दांचं लेखन मुळाबरहुकूम आणि तद्भवांचं वेगळ्या नियमांनी होतं, तसंच इथे. फरक इतकाच की तत्सम शब्द लिहिल्यावरून वाचता येतो, 'शाबेस' वाचता येत नाही. तो आधी माहीत असावा लागतो. अडलेला शब्द हिब्रू आहे की नाही हे ओळखायची खूण अशी : खेस, तोव, सोव, सिन, वेस आणि ठिपक्याचा कोफ ही अक्षरं फक्त हिब्रू-आरामाईक शब्दांत येतात. बाकी सगळीकडे 'त'साठी तेस, 'स'साठी सामेख, 'क'साठी कुफ. म्हणजे शब्दात सोव किंवा खेस दिसला की अक्षरं जुळवत बसू नका, सरळ कोश उघडा.

आधुनिक हिब्रू थोडी येत असेल तर सावध राहा. शेवटच्या 'त'चा इथे 'स' होतो आणि आघात मागे सरकतो : एमेत नव्हे 'एमेस' (सत्य), शालोम नव्हे 'शोलेम', मिश्पाखा नव्हे 'मिश्पोखे' (कुटुंब).

या लेखनपद्धतीवर राजकारणही झालं. सोव्हिएत राजवटीत हिब्रू शब्दही उच्चाराप्रमाणे लिहायची सक्ती झाली, कारण ती वाटणी धर्माची निशाणी मानली गेली. मॉस्कोच्या 'देर एमेस' या दैनिकाचं नावच बघा. परंपरेने एमेस म्हणजे अलेफ, मेम, सोव ही तीन अक्षरं. त्यांच्या मथळ्यावर आयिन, मेम, आयिन, सामेख अशी चार. पुढे शेवटची वेगळी रूपंही काढून टाकली गेली, ती १९६१ मध्ये परत आली. त्यामुळे हातात आलेलं पुस्तक १९३०च्या दशकातलं मॉस्को किंवा कीव्हचं असेल, तर हिब्रू शब्द तुम्हाला उलट सोपे वाटतील. १९२५ मध्ये विल्ना (आजचं व्हिल्नियस) इथे उभ्या राहिलेल्या यिवो या संशोधन संस्थेने मात्र परंपरागत हिब्रू लेखन ठेवून बाकीचं नियमबद्ध केलं. तिचे १९३७चे नियम आज विद्यापीठांत प्रमाण मानले जातात.

आणखी एक अडचण जुन्या पुस्तकांची. एकोणिसाव्या शतकात आणि नंतरही बराच काळ अनेक छापखाने जर्मनची नक्कल करून मूक अक्षरं घालत. 'योर' (वर्ष) मध्ये एक जादा हेय, 'फील' (पुष्कळ) मध्ये एक जादा आयिन. कोशात शब्द सापडला नाही तर आधी मधला हेय काढून बघा, मग यूदनंतरचा आयिन. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. अलेफखालच्या खुणाही या पुस्तकांत आणि आजच्या हसिदी (एका कट्टर धार्मिक ज्यू पंथाच्या) छपाईत अनेकदा नसतात, म्हणजे 'आ' की 'ऑ' हे संदर्भावरून ठरवायचं.

आता जर्मनमुळे होणाऱ्या चुका. पहिली आणि सगळ्यात चिवट चूक क्रियापदाच्या जागेची. गौण वाक्यात क्रियापद शेवटी ढकलायची सवय तुम्हाला लागलेली असेल. यिडिशमध्ये ते तिथेही आपल्या जागीच राहतं : 'इख वेयस अझ एर इझ गेकुमेन', तो आला आहे हे मला माहीत आहे. 'गेकुमेन इझ' लिहिलंत की कान टवकारले जातात. दुसरी : साधा भूतकाळ नाहीच. 'मी पाहिलं' हे नेहमी 'इख होब गेझेन', लेखनातसुद्धा. तिसरी : कुठलंही शब्दयोगी अव्यय आलं की पुढे चतुर्थीच. 'कुठे' की 'कुणीकडे' पाहून द्वितीया-चतुर्थी ठरवायचा जर्मनमधला सगळा खटाटोप इथे सोडून द्यायचा. चौथी : शब्दांती घोष व्यंजन अघोष करायचं नाही. 'तोग' (दिवस) मधला 'ग' स्पष्ट 'ग', 'होयझ' (घर) मधला 'झ' स्पष्ट. पाचवी : जर्मन 'प्फ' विसरा. डोकं 'कोप', सफरचंद 'एपल', घोडा 'फेर्द'.

उच्चारांत मराठी माणूस जर्मन माणसापेक्षा पुढे असतो. क, त, प श्वास न सोडता म्हणायचे, म्हणजे आपले साधे क, त, प. 'चमचा'तला दंत्य 'च' म्हणजे त्सादेक हे अक्षर, 'चहा'तला तालव्य 'च' म्हणजे 'चोल्न्त'मधला. देवनागरीत दोन्ही एकाच चिन्हाने लिहिण्याची आपल्याला सवय आहे, पण यिडिशमध्ये ते वेगवेगळे लिहितात. इथे देवनागरीत लिहिलेला 'ख' मात्र आपला महाप्राण नव्हे, तो घशातून घासून येणारा, उर्दू 'खबर'मधला.

बोली कळल्या नाहीत तर ऐकणं कधीच जमत नाही. 'मांस विकत घेणे' एवढंच घ्या. लिथुआनियाकडे 'केयफन फ्लेयश', युक्रेनकडे 'कोयफन फ्लेयश', पोलंडकडे 'कोयफन फ्लायश', आणि जर्मनीतल्या, आता जवळपास लुप्त झालेल्या, पश्चिमी यिडिशमध्ये 'काफन फ्लाश'. लेखन एकच. पोलिश-हंगेरियन बाजूला प्रमाण 'उ'चा 'इ' होतो आणि काही 'ऑ'चा 'उ' : गुत (चांगलं) होतं 'गित', कुमेन होतं 'किमेन', वोस (काय) होतं 'वुस'. हे बदल नेमाने होतात, म्हणून महिनाभर ऐकलं की कान आपोआप भाषांतर करू लागतो.

भाषा मेली का, या प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही. १८९७च्या रशियन जनगणनेत तिथल्या सुमारे ९७ टक्के ज्यूंनी यिडिश मातृभाषा सांगितली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये 'फोर्वेर्त्स' हे वृत्तपत्र निघालं, जे आज इंटरनेटवर चालतं. १९०८ मध्ये चेर्नोव्हित्स (आज युक्रेनमध्ये) इथल्या परिषदेने यिडिशला ज्यू लोकांची 'एक' राष्ट्रीय भाषा म्हटलं. 'एकमेव' म्हणायचं की 'एक', यावर हिब्रूवाद्यांशी कडाक्याचं भांडण झालं होतं. दुसऱ्या महायुद्धाआधी बोलणारे सव्वा कोटीच्या आसपास होते. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी सुमारे पन्नास लाख यिडिशभाषक होते. घरं, शाळा, छापखाने, नाटकमंडळ्या, वाचक, सगळं एकदम गेलं. वॉर्सा गेटोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, लोकांनी गुपचूप जमवलेले कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये पुरले होते. ते १९४६ आणि १९५०मध्ये खणून काढले गेले. त्यातले कितीतरी यिडिशमध्ये आहेत आणि ते मुळातून वाचणारी माणसं आजही कमीच आहेत. या भाषेच्या शिकण्याला एवढं एक कारणही मला पुरेसं वाटतं. सोव्हिएत संघात १२ ऑगस्ट १९५२ रोजी तेरा जणांना गोळ्या घातल्या. त्यांत पेरेत्स मार्किश, लेयब क्विटको, दोविद बेर्गेलसन असे यिडिशचे पहिल्या फळीतले लेखक होते. इस्रायलमध्ये हिब्रूच्या आग्रहापायी यिडिशला बाजूला सारलं गेलं, आणि अमेरिकेत मुलं इंग्रजीत गेली.

तरीही साखळी तुटली नाही, ती हसिदी समाजांमुळे. न्यूयॉर्कचे विल्यम्सबर्ग आणि बरो पार्क, शहराच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवरचं किर्यास जोएल, लंडनचं स्टॅमफोर्ड हिल, अँटवर्प, जेरुसलेमचं मेया शेआरिम. इथे मुलं यिडिशमध्ये भांडतात, दुकानदार यिडिशमध्ये पैसे मोजतो. आजच्या बोलणाऱ्यांचे अंदाज साधारण पाच लाख ते दहा लाखांपर्यंत जातात. कुटुंबं मोठी असल्याने ही संख्या वाढती आहे. बहुतेकांची बोली हंगेरियन वळणाची. नव्या पिढीच्या बोलण्यात देर, दी, दोस या तिन्ही लिंगांचा मिळून एकच 'दे' झाला आहे आणि विभक्तीचे भेद जवळपास गळून पडले आहेत. याला बिघडलेली यिडिश म्हणणं मला पटत नाही. लाखो लोकांच्या घरात रोज बदलणारी भाषा अशीच असते. पण पाठ्यपुस्तकातून लिंग-विभक्ती घोकून गेलेला विद्यार्थी तिथे गोंधळतो, हे खरं.

इथे एक खुलासा. ज्यू म्हणजे यिडिश असं समीकरण नाही. कोकणातल्या बेने इस्राएलांची मातृभाषा मराठी, सभास्थानाला ते 'मशीद' म्हणत आले. यिडिशशी त्यांचा संबंध नव्हता. यिडिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंची 'मामे-लोशन', म्हणजे मायबोली. त्या नावातही 'लोशन' हिब्रू आहे.

सुरुवात अशी करा. पहिले दहा-पंधरा दिवस रोज अर्धा तास फक्त छापील अक्षरं, आणि ती रोमन लिप्यंतराच्या कुबड्या न घेता. जर्मन येणारे हमखास रोमन लिपीत अडकतात, कारण त्यात सगळं समजल्यासारखं वाटतं. मग सहा महिन्यांनी पुस्तक उघडलं की पान वाचता येत नाही. बेस आणि कोफ, दालेद आणि रेयश, शेवटचा मेम आणि सामेख या जोड्या फसव्या आहेत, त्या शेजारी-शेजारी लिहून घोटा. हस्ताक्षराची वळणं निराळी असतात, ती तिसऱ्या महिन्यात घ्या. सोबत एका वहीत हिब्रू घराण्याचे शंभर-सव्वाशे शब्द, लेखन एका बाजूला, उच्चार दुसऱ्या बाजूला. आठवड्याला दहा पुरे.

वाचनासाठी शिकायचं असेल तर यिवोच्या पद्धतीचं पाठ्यपुस्तक घ्या. उरिएल वाइनराइख यांचं १९४९चं 'कॉलेज यिडिश' व्याकरणाला अजून भक्कम आहे, आणि अॅम्हर्स्टच्या यिडिश बुक सेंटरचं २०२०चं 'इन एयनेम' बोलण्याला जास्त उपयोगी. हसिदी समाजाशी बोलायचं असेल तर त्यांचं ऐकणं पहिल्या महिन्यापासून लावा. २०२१ पासून ड्युओलिंगोवर यिडिश आहे, तिथले उच्चार हसिदी-हंगेरियन आणि व्याकरण प्रमाण आहे. पुस्तकात 'गुत' आणि कानावर 'गित' पडलं तर ती चूक नव्हे.

वाचायला साहित्य कमी पडणार नाही. यिडिश बुक सेंटर १९८०च्या सुमाराला पुस्तकं गोळा करू लागलं, तेव्हा जाणकारांच्या मते जगात सत्तर हजार प्रती उरल्या असाव्यात. पुढे दहा लाखांहून जास्त सापडल्या. त्यातली अकरा हजारांवर शीर्षकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. तिथे शोधताना एक अडचण येईल. यूनिकोडमध्ये दोन यूदांचं एक जोडचिन्ह आहे आणि दोन सुटे यूदही चालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. 'दुसऱ्या'तला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो आणि एका प्रकाराने शोधलं की दुसरा सापडत नाही, तसंच हे. शब्द मिळाला नाही तर दोन्ही प्रकारांनी टंकून बघा, आणि अलेफखालच्या खुणा काढून तिसऱ्यांदा.